चार पुस्तकं, एक पातेलं

“…तर मग म्हाराज, ह्या चारांत पहिल्या नंबरचं कंचं, तेवढं सांगा.”

असं म्हणून विश्राम पेंटरनं चारही पुस्तकं सतरंजीवर मांडली. मांडताना एकेक आधी कपाळाला लावलं.

सहजगिरी बुवा तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी शेजारी लसूण सोलत होतो. एसटीत कंडक्टर म्हणून तेहेतीस वर्षं काढली. आता रोज सकाळी दोन-तीन तास मठाच्या स्वयंपाकघरात काढतो. तिथलं बोलणं आपोआप कानावर पडतं. मुद्दाम ऐकतो म्हणालात तरी मी भांडणार नाही.

विश्रामला आटपाडी भागात सगळे ओळखतात. दवाखाना, रसवंती, शाळेची भिंत, ट्रॅक्टरची ट्रॉली, जिथं अक्षर बघून पाय थांबेल तिथं खाली कोपऱ्यात बारीक ‘विश्राम’ असायचंच. अक्षराचा गर्व होता आणि तो त्याला शोभायचा. मग फ्लेक्स आले. वर्षभरात त्याच्या ब्रशांचे केस डब्यात वाळून ताठ झाले.

आता त्याला वेबसाइट काढायला शिकायचं होतं. डाळिंबाची रोपवाटिका चालवणारे दाजीबा हाके त्याचं जुनं गिऱ्हाईक. ते म्हणाले होते, अक्षय्य तृतीयेच्या आत वेबसाइट करून दिलीस तर काम तुझं, नाहीतर सांगलीच्या पोरांना देतो. मेव्हण्यानं तिकडे सांगलीतच एका गोदामावर वॉचमनची जागा बघून ठेवली होती. म्हणजे दोनच वाटा. एकीकडे दाजीबांची वेबसाइट, दुसरीकडे खाकी कपडे आणि शिट्टी.

आणि बुवांकडे का आला? तर मठात येण्याआधी बुवा मिरजेला तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवत. मठाची वेबसाइट त्यांनीच केलेली. त्यात एक फोटो, जेवणाची वेळ, एसटीची वेळ आणि फोन नंबर, एवढंच आहे. तेवढ्यावर कर्नाटकातनं माणसं बरोबर पंगतीच्या वेळेला हजर होतात.

“काय शिकायचंय?” बुवांनी तांदळातला खडा बाजूला टाकत विचारलं.

“वेबसाइट काढायची. लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर घालून घेतलंय. पर पुस्तक पक्कं झाल्याबिगर त्याला हात लावायचा न्हाय, आसं ठरवलंय.”

“ठरवून किती दिवस झाले?”

“एकवीस.”

“लॅपटॉप उघडलास?”

“उघडतो की. रोज पुसतो.”

मला हसू आलं. बुवांना आलं नाही.

पुस्तकं मात्र बघण्यासारखी होती. चारही पुण्याहून आलेली. सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं, कोपरे मोडून घट्ट बसवलेली, आणि प्रत्येकावर काळ्या शाईत विश्रामच्या हातचं नाव. एक जाडजूड, दोन्ही हातांनी उचलावं लागे असं. एक रंगीत चित्रांचं. एक नुसत्या प्रश्नोत्तरांचं. चौथं पातळ, विकणाऱ्यानं फुकट दिलेलं. त्यालाही कव्हर तसंच घातलेलं. आतलं काही असो, बाहेरून चारही नव्या नवरीसारखी नटली होती.

“आमचं काम कायम पहिल्या नंबरचं,” विश्राम म्हणाला. “पुस्तक बी तसंच पायजे. निवडायला चुकलो तर शिक्षणच चुकलं.”

बुवांनी हात धोतराला पुसले. जाड पुस्तक उचललं आणि मागून उघडलं.

“म्हाराज… उलटं धरलंय.”

“सुलटंच धरलंय. मागून उघडलंय. मागे सूची असते. अडलेलं कुठल्या पानावर आहे ते ती सांगते.” त्यांनी बोट सूचीवर ठेवलं. “बोल, काय बघू?”

विश्राम सूचीवर वाकला.

“बगा की… वेबसाइट कशी काढायची ते.”

“ते तर सगळं पुस्तकच झालं.”

“मग… सॉफ्टवेअर कसं चालवायचं.”

बुवांनी बोट तसंच ठेवलं. वाट बघितली. चुलीपलीकडं मांजर उठून बाहेर गेलं, तरी विश्रामला तिसरा प्रश्न सुचेना.

“पाटी रंगवायला शिकलास, तेव्हा वस्तादाला पहिल्यांदा काय विचारलंस?”

ह्याचं उत्तर त्याला लगेच आलं. “रंगाचा ओघळ आला तर काय करायचं, ते.”

“कधी विचारलंस?”

“ओघळ आल्यावर.”

बुवांनी पुस्तक मिटलं. त्याच्यापुढं सरकवलं. पुन्हा तांदूळ ओढले.

“अडलास की ये.”

विश्रामनं मग पुस्तकं कपाळाला लावून एकेक पिशवीत भरली. ही पिशवी पूर्वी ब्रशांची होती. जाताना माझ्याकडं बघितलं, जणू मीच काहीतरी बोललो होतो.

“बुवा, नाव तरी सांगायचं एखादं,” मी म्हणालो. “गरजू माणूस आहे.”

“लसूण झाला का?” बुवांनी विचारलं.

*

चार दिवसांनी तो आला, तो लॅपटॉप छातीशी धरूनच. चेहरा खुललेला.

“केलं म्हाराज. पुस्तकाबिगर केलं.”

लॅपटॉप उघडला आणि मी चष्मा वर करून बघत राहिलो. फुटलेलं डाळिंब, त्यातले दाणे ओले वाटावेत असे. वर ‘हाके रोपवाटिका’ अशी अक्षरं, त्याच्या त्या जुन्या वळणाची, खाली सावली दिलेली. बाजूला रोपांच्या जाती, पत्ता, फोन नंबर, सगळं. कोपऱ्यात बारीक ‘विश्राम’.

“हे कसं काढलंस?” बुवांनी विचारलं.

“हार्डबोर्डवर रंगवलं. दोन रात्री लागल्या. मग लेकीनं मोबाईलवर फोटो काढला, आन त्यो फोटो सॉफ्टवेअरमदी बसवला. एकच फोटो. चारी बाजू बरोबर भरल्या.”

अशी चूक सबंध जिल्ह्यात एकच माणूस करू शकला असता आणि तो आमच्यासमोर कौतुकाची वाट बघत उभा होता.

बुवांनी लॅपटॉप ओढून घेतला, काही बटणं दाबली. “कंडक्टर, तुमचा मोबाईल द्या.”

मोबाईलवर तेच पान आलं. आख्खी पाटी माझ्या अंगठ्याच्या नखात मावेल एवढी. डाळिंब ओळखू येत होतं. अक्षरं मुंग्यांसारखी.

“वाचा,” बुवा म्हणाले.

“दिसत नाही,” मी म्हणालो.

“दाजीबाला फोन लावा. नंबरावर बोट ठेवा.”

मी दोन बोटांनी पान ताणलं, नंबर शोधला, त्यावर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. विश्राम माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

“चित्रातला नंबर हाय त्यो,” तो हळू आवाजात म्हणाला. “चित्र कशाला फोन लावंल…”

बुवांनी लॅपटॉप त्याच्याकडं सरकवला.

“अडलास?” बुवांनी विचारलं.

“अडलो.”

बुवांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. इतकं मोकळं समाधान मी त्यांच्या तोंडावर पुरणपोळीच्या पंगतीलाही बघितलेलं नाही.

“उद्या पुस्तकं घेऊन ये. सगळी.”

*

दुसऱ्या दिवशी बुवांनी गॅसच्या शेगडीवर दोन लिटर दुधाचं पातेलं ठेवलं. मठाला एकच गाय आहे आणि सकाळचा सगळ्यांचा चहा त्याच दुधावर होतो.

“नंबरावर बोट ठेवलं की फोन लागला पाहिजे, त्याला काय करायचं ते शोध,” ते विश्रामला म्हणाले. “आणि दूध वर आलं की शेगडी बंद कर. मी फुलं काढून येतो.”

“म्हाराज, पुस्तकाकडं बगू का दुधाकडं?”

“हो,” बुवा म्हणाले आणि गेले.

विश्रामनं हात धुतले. पंच्याला कोरडे केले. जाड पुस्तक काढलं, कपाळाला लावलं, मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. ओठ हलत होते. एक पान झालं की हलक्या हातानं दुसरं उलटायचा.

दूध वर आलं. मी उठणार होतो, पण बुवांनी जाताना मला नजरेनंच बसवून ठेवलं होतं. दूध पातेल्याच्या काठावर आलं, क्षणभर थांबलं आणि शेगडीवर पसरलं. जळका वास सुटला तेव्हा कुठं विश्रामनं मान वर केली.

बुवा आले. परडी ठेवली. ओलं फडकं घेऊन शेगडी पुसली, बर्नर काढून धुतला.

“कुठवर आलास?”

“प्रस्तावना झाली.”

त्या दिवशी मठात कोरा चहा झाला.

पुढच्या दिवशी विश्राम शहाणा झाला होता. रंगीत चित्रांचं पुस्तक काढलं, मागून उघडलं, सूचीत बोट खाली आणत नेलं, पान गाठलं. मी मनात म्हटलं, आज दुधाचा चहा. पण पान गाठल्यावर त्याचं बोट पुढंच सरकत गेलं. शेजारच्या पानावर अक्षरांना सावली कशी द्यायची ते होतं. त्याच्यापुढं सोनेरी कडा कशी द्यायची ते. तो रंगून गेला. दूध उतू गेलं.

“सापडलं?” बुवांनी फडकं घेता घेता विचारलं.

“सापडलं हुतं म्हाराज. पर त्येच्या शेजारचं लई झ्याक हुतं.”

“आणि सापडलेलं?”

“ते… इसरलो.”

पुन्हा कोरा चहा. मी चहाचा माणूस आहे. कोऱ्या चहानं मला दिवसभर कुणीतरी फसवल्यासारखं वाटतं.

“पेंटर,” मी म्हणालो, “तुमच्या शिक्षणापायी मठावर उपास आलाय.”

मी गंमतीनं म्हणालो होतो. त्याला लागलं. पुस्तकं भरली, बुवांच्या पाया पडला आणि निघून गेला.

तिसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या नाही, पाचव्याही नाही. एसटी स्टँडवर कुणीतरी सांगितलं की विश्राम सांगलीला गोदामावर कपड्यांचं माप देऊन आला.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. माझ्या घराच्या दारावर त्यानं रंगवलेली पाटी आहे. माझ्या नावाआधी बायकोचं नाव. तिचाच तसा हट्ट होता. तिला जाऊन सहा वर्षं झाली. दार दोनदा दुरुस्त केलं, पण पाटी तशीच आहे, एक अक्षर उडालेलं नाही. असं अक्षर काढणारा हात गोदामाच्या फाटकावर ट्रकचे नंबर लिहिणार, हे मला पटेना.

“बुवा, तुम्ही एक नाव सांगितलं असतं तर…”

बुवा दुधापाशी उभे होते. दूध वर आलं, त्यांनी शेगडी बंद केली.

“चहा टाका,” म्हणाले.

*

सहाव्या दिवशी सकाळी विश्राम दारात उभा. दाढी वाढलेली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लॅपटॉप.

“माप देऊन आलो म्हाराज. सोमवारी रुजू व्हा म्हणलेत.”

“दाजीबाची अक्षय्य तृतीया कधी?”

“परवा. रविवारी.”

“आज शुक्रवार,” बुवा म्हणाले. “दूध ठेव.”

आणि परडी उचलून बाहेर गेले.

विश्रामनं पातेलं शेगडीवर ठेवलं. लॅपटॉप ओट्याच्या कडेला टेकवून उघडला. त्या दिवशी अमावस्येची पंगत होती. बाकीचा ओटा माझ्या भाज्यांनी भरला होता. दुधी, वांगी, कोथिंबिरीचा ढीग. त्यानं हातसुद्धा धुतले नाहीत.

मधले तीन दिवस घरी त्यानं काय केलं ते मला माहीत नाही. पण लॅपटॉपवर बघितलं तर मोठी पाटी गेली होती. डाळिंब तेवढं चित्रातलं होतं आणि ‘हाके रोपवाटिका’ ही अक्षरं. बाकीचं सगळं, जाती, पत्ता, नंबर, त्यानं टाइप करून लिहिलं होतं. साधं, ठसठशीत. माझ्यासारख्याला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं.

दुधाकडं त्यानं एकदा बघितलं. मग हात पिशवीत घातला, एक पुस्तक काढलं, मागून उघडलं. बोट सूचीवरून खाली. पानं भराभरा. बोट थांबलं. ओठ एकदाच हलले.

पुस्तक मिटलं आणि ओट्यावर टाकलं. टाकलं म्हणजे खरंच टाकलं. कपाळाला नाही, काही नाही.

आता तो लॅपटॉपमध्ये होता. एका बोटानं एकेक बटण. मध्येच थांबायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. त्याची नजर पाटीवर खडूची दोरी मारून रेघ आखताना असायची तशी झाली होती. मी तशी नजर फार वर्षांनी बघितली.

दूध वर आलं. डावा हात गेला, शेगडी बंद झाली. पकडीनं पातेलं उचललं. ठेवायला जागा नव्हती. एकीकडं वांगी, एकीकडं कोथिंबीर, एकीकडं लॅपटॉप… त्यानं पातेलं पुस्तकावर ठेवलं आणि पुन्हा बटणांकडं वळला.

माझ्या हातातली वांग्याची फोड तशीच राहिली.

महिनाभर हा माणूस पुस्तकं कपाळाला लावून उघडत होता. त्याच पुस्तकावर आता तापलेलं पातेलं आणि त्याला त्याचा पत्ता नाही. मी फोड पाण्यात टाकली आणि बघत राहिलो. 

“कंडक्टर, मोबाईल काढा,” तो म्हणाला.

मी काढला. त्या दिवशी बुवांनी दाबलेली बटणं त्यानं दाबली. पान आलं. डाळिंब, वर ती अक्षरं, खाली मोठा स्पष्ट नंबर. मी बोट ठेवलं…

घंटी वाजायला लागली. विश्रामनं ओट्याची कड धरली.

“कोण बोलतंय?” दाजीबांचा जाडा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात घुमला. “रोपं पायजेत का?”

“रोपं नकोत,” मी म्हणालो. “मठातनं कंडक्टर बोलतोय. तुमच्या वेबसाइटवर नंबर दाबला.”

“माझ्या? माझी कुठं हाय वेबसाइट?”

“विश्राम पेंटरनं केली.”

तिकडनं मग आवाज आला, “मोठी अक्षरं काढलीत न्हवं? माझ्या म्हातारीला वाचता आली पायजेत.”

“चष्म्याबिगर वाचता येतात,” मी सांगितलं.

“मग त्येला म्हणावं उद्या मळ्यात ये. रोपांचं फोटो घालायचं ऱ्हायलं आसतील. आन सांगलीला जाऊ नको म्हणावं, वरीसभर माझं भाव बदलत ऱ्हात्यात, ते कोण बदलणार?”

फोन बंद झाला. विश्रामनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, मग तीच बाही लॅपटॉपच्या काचेवरून फिरवली. मला इतका आनंद झाला की मी न विचारता सहा कप मांडले. माणसं आम्ही तिघंच होतो.

बुवा परडी घेऊन आत आले. शेगडीकडं बघितलं. कोरडी, स्वच्छ. मग माझ्या मोबाईलकडं, त्यावरच्या डाळिंबाकडं बघितलं.

“सापडलं?”

“सापडलं म्हाराज.”

“कुठल्या पुस्तकात?”

विश्रामनं मागं वळून बघितलं. सतरंजीवर बघितलं, लॅपटॉपच्या मागं बघितलं. मग त्याची नजर ओट्यावर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. पातेल्याच्या बुडाखालून खाकी कव्हराचा एक कोपरा बाहेर आला होता. कागद कडेनं करपला होता.

“म्हाराज… माझ्या हातनं हे…” त्यानं हात जोडले. “ध्यानातच आलं न्हाय. कंचं हाय ते बी बगितलं न्हाय मी. थांबा, पातेलं उचलतो, मग सांगतो.”

त्यानं पकड घेतली.

बुवा सतरंजीवर बसले. तांदळाचं ताट मांडीवर ओढलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “साय धरतेय.”